पिस्तूल घेतलंस, आता ऐक

पोरी, तू पिस्तूल घेतल्याचं तुझ्या आईकडून कळलं. घ्यावं की घेऊ नये यावर मी बोलणार नाही. तुम्ही नवरा-बायकोनं विचार करूनच घेतलं असणार, आणि रात्री एकटीनं दुकानाला कुलूप लावून गाडीपर्यंत चालत जाणं काय असतं ते तुलाच ठाऊक. पण मी फौजेत आर्मरर होतो. उभी हयात दुसऱ्यांची हत्यारं उघडण्यात, पुसण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. टेक्सासला मुलाकडे आल्यावरही रेंजवर नव्या लोकांना शिकवतोच आहे. तेव्हा हत्यार घरात आलंच आहे, तर ते कसं ओळखायचं आणि त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा हे तुला सांगणं माझं काम.

पहिलं म्हणजे पिस्तूल खाली कर. मॅगझिन काढ, स्लाइड मागे ओढून अडकव, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघ, मग करंगळी घालून चाचप. आमच्या उस्तादांनी ‘जाँच शस्त्र’ शिकवलं तेव्हा क्रम हाच होता: आधी मॅगझिन, मग चेंबर. उलट केलंस तर स्लाइड सोडताच मॅगझिनमधली वरची गोळी गपकन चेंबरमध्ये जाते आणि तू समजतेस, खाली केलं. हत्यार खाली असल्याची खात्री झाली की अंगावरचा नंबर वाच. तो कागदावर लिहून ठेव, फोनमध्ये फोटोही काढ. मग कंपनीच्या संकेतस्थळावर ग्राहकसेवेच्या पानावर जा, सेफ्टी नोटीस आणि रिकॉलची यादी उघड आणि तुझा नंबर त्यात बसतो का ते बघ. हे आजच कर, आणि पुढे दर सहा महिन्यांनी करत जा.

एवढा आग्रह का, ते नीट समजून घे. इथं गाडीच्या ब्रेकमध्ये खोट निघाली तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावतं. पाळणा, टोस्टर, खेळणी यांच्यासाठी १९७२ पासून ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग आहे. पण त्या आयोगाच्या कायद्यातूनच बंदुका आणि काडतुसं वगळलेली आहेत. पिस्तुलात कितीही मोठा दोष असला तरी ते परत घ्या असा हुकूम या आयोगाला काढता येत नाही. कंपनीला वाटलं तर ती स्वतःहून बोलावते, किंवा कोर्टकचेरीच्या धाकानं बोलावते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये याच आयोगानं बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या सुमारे ६१,००० तिजोऱ्या परत बोलावल्या, कारण त्या कुणाच्याही बोटानं उघडू शकत होत्या. तिजोरी परत बोलावता आली, पण तिच्यात ठेवलेलं पिस्तूल सदोष असतं तर त्याला आयोग हात लावू शकला नसता. हा कायदा बदलायला हवा असं माझं ठाम मत आहे. पण तो बदलेपर्यंत तुझ्या पिस्तुलाची तपासणी करणारी तूच.

आणि कंपनीला तुझा पत्ता माहीत असेल असं धरून चालू नकोस. दुकानात तू जो फॉर्म भरलास तो दुकानदाराकडे राहतो. कुठलं पिस्तूल कुणाच्या घरी आहे याची देशभराची यादी इथं नाही, ती करायला कायद्यानंच मनाई आहे. खोक्यातलं नोंदणीकार्ड तू भरून पाठवलंस तरच कंपनीला तू कोण ते कळणार. जुनं, दुसऱ्या हातचं घेतलं असेल तर ती नोटीस कदाचित पहिल्या मालकाच्या घरी जाऊन रद्दीतही गेली असेल. २००८ मध्ये रुगर कंपनीनं आपली दोन पिस्तुलं परत मागवली होती, एसआर-९ आणि खिशात मावणारं एलसीपी. जमिनीवर पडलं तर गोळी सुटू शकते, हे कारण. पहिल्याचे नंबर ३३० नं सुरू होणारे, दुसऱ्याचे ३७० नं. म्हणून कुणी स्वस्तात जुनं एलसीपी दाखवलं तर मी हात लावण्याआधी नंबर वाचतो. सुरुवात ३७० नं असेल तर पहिला प्रश्न एकच, कंपनीकडून दुरुस्त होऊन आलंय का?

आता पडल्यावर गोळी सुटते कशी, ते सांगतो. हे कळलं की बाकीचं आपोआप कळेल.

सिग सॉअरचं पी-३२० हे पिस्तूल २०१४ मध्ये बाजारात आलं. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकन लष्करानं त्याच्याच घडणीचं पिस्तूल निवडलं. याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं? त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाहेर आलं, की ते एका विशिष्ट कोनात, स्लाइडच्या मागच्या टोकावर आपटलं तर गोळी सुटू शकते. कारण साधं होतं. चाप जाड आणि वजनदार होता. पिस्तूल वेगानं खाली येतं, मागचं टोक जमिनीला लागतं, सगळं हत्यार जागच्या जागी थांबतं. पण चाप सुटा भाग, तो आपल्याच वजनानं मागे जात राहतो. जणू बोटानंच ओढला. चाप मागे गेला की स्ट्रायकरला अडवून धरणारा सिअर खाली सरकतो, आणि स्ट्रायकर काडतुसाच्या टोपीवर आदळतो. कुणी चुकलं नाही, कुणी बोट लावलं नाही, तरी गोळी सुटली. कंपनीनं पातळ, हलका चाप बसवला, सिअर आणि स्ट्रायकरही हलके केले आणि मालकांना हे फुकट करून द्यायची योजना काढली. लष्कराच्या स्वतःच्या चाचणीतही पडल्यावर सुटण्याचा हाच दोष दिसला होता, आणि उपायही तोच झाला, हलके भाग.

यात तुझ्या कामाची गोष्ट अशी. ते पिस्तूल ठरलेल्या चाचण्यांत पास झालेलं होतं. इथल्या उद्योगाच्या संस्थेची चाचणी म्हणजे चार फुटांवरून, काँक्रीटवर टाकलेल्या रबराच्या चटईवर, ठरावीक दिशांनी पाडायचं. तुझ्या स्वयंपाकघरातली फरशी म्हणजे रबराची चटई नव्हे, आणि हातातून निसटलेली वस्तू दिशा ठरवून पडत नाही. म्हणून ‘ड्रॉप सेफ’ असा शिक्का वाचून निर्धास्त व्हायचं नाही.

पी-३२० चं प्रकरण तिथंच मिटलं नाही. दुरुस्तीनंतरच्या पिस्तुलांबद्दलही, होल्स्टरमध्ये असताना चाप न ओढता सुटलं, असे दावे होत राहिले. २०२४ मध्ये जॉर्जियात आणि फिलाडेल्फियात ज्यूरींनी जखमी झालेल्यांच्या बाजूनं निकाल दिले, दुसरीकडचे काही खटले कंपनीनं जिंकले. चाप ओढल्याशिवाय पिस्तूल सुटूच शकत नाही, ही कंपनीची भूमिका कायम आहे. यात मी न्यायाधीश नाही. मला कुणी विचारलं तर एवढंच सांगतो, की ज्या हत्याराबद्दल वाद चालू आहे ते कमरेला भरलेलं लावू नये. दुसरी पिस्तुलं पुष्कळ आहेत.

म्हणून एकाच कंपनीला नावंही ठेवायची नाहीत आणि एकीच्या नावावर विसंबायचंही नाही. स्मिथ अँड वेसन केवढी जुनी! तिच्या शील्ड पिस्तुलात २०१३ मध्ये चापाच्या पिनेमुळे पडण्याच्या सुरक्षेवर परिणाम होऊ शकतो असं निघालं, आणि १९ ऑगस्ट २०१३ पूर्वी बनलेलं प्रत्येक शील्ड तपासावं लागलं. त्याच घराण्यातलं शील्ड ईझी, ज्याची स्लाइड ओढायला हलकी म्हणून बायका आणि वयस्कर माणसं ते घेतात, त्यातल्या १ मार्च ते ३१ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या पिस्तुलांचे घोडे बदलावे लागले; ते नीट घडले नव्हते आणि एका चापात एकाहून जास्त गोळ्या सुटायचा धोका होता. स्प्रिंगफील्डचं एक्सडी-एस २०१३ मध्ये परत बोलावलं गेलं. ब्राझीलच्या टॉरस कंपनीवर खटला झाला, आणि २०१५ मध्ये नऊ मॉडेलांच्या सुमारे साडेनऊ लाख पिस्तुलांबाबत समझोता झाला. कंपनीनं दोष मात्र मान्य केला नाही. बघ, यातली बहुतेक लहान पिस्तुलं आहेत. लहान जागेत सुरक्षेचे तेवढेच भाग कोंबायचे, वर ते हलकं आणि स्वस्त करायचं, म्हणजे घडणीतली जराशी चूकही खपत नाही.

यावरून माझा एक नियम. नवं मॉडेल पहिल्या वर्षी घ्यायचं नाही. रेमिंग्टनचं आर-५१ मोठा गाजावाजा करून २०१४ मध्ये आणलं, तक्रारी इतक्या आल्या की मागे घ्यावं लागलं, आणि सुधारून पुन्हा यायला २०१६ उजाडलं. सिगचं पी-३६५ आज चांगलं म्हणून लोक घेतात, मीही शिफारस करतो. पण २०१८ मधल्या पहिल्या पहिल्या पिस्तुलांत स्ट्रायकर तुटण्याच्या आणि चापाच्या स्प्रिंगच्या तक्रारी होत्या. जुनं घेताना ते कोणत्या महिन्यातलं आहे हे विचारायला लाजू नकोस.

नोटीस आलीच तर काय करायचं? त्या क्षणापासून ते हत्यार वापरायचं नाही. ‘पुढच्या रविवारी शेवटचं मारून बघते’ असंही नाही. खाली करून वेगळं ठेवायचं, कंपनीला फोन करायचा. बहुतेक वेळा ती खोकं आणि कुरिअरची चिठ्ठी स्वतः पाठवते, दुरुस्ती फुकट असते, आणि दुरुस्त झालेलं पिस्तूल थेट तुझ्या दारात येऊ शकतं. खोक्यात काडतूस चुकूनही जाता कामा नये. आणि एक, बाहेरचा हलका चाप, बाहेरच्या स्प्रिंगा, असलं काही कुणी बसवून दिलेलं असेल तर कंपनीला आधी सांग. हौशी माणसं चाप हलका करायला स्प्रिंग कापतात, सिअर घासतात. असं पिस्तूल मी माझ्या हाताखालच्या पोरांना कधी हातातसुद्धा घेऊ दिलं नाही. दुरुस्तीहून परत आल्यावर पुन्हा रेंजवर ने, मगच कमरेला लाव.

जुन्या रिव्हॉल्व्हरबद्दल थोडं, कारण तुझ्या सासरच्यांकडे एक आहे असं ऐकलं. जुन्या घडणीच्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असताना फायरिंग पिन थेट काडतुसाच्या टोपीला टेकलेली असते. घोड्यावर जरा आघात झाला, की गोळी गेली. रुगरनं १९७३ पासून मध्ये एक पट्टी घातली, ट्रान्स्फर बार म्हणतात ती. चाप ओढलेला असेल तरच ती वर येते आणि घोड्याचा तडाखा पिनेपर्यंत पोचवते. त्याआधीच्या त्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कंपनी १९८२ पासून तशी सोय फुकट बसवून देते. तोवर सहा घरांत पाचच काडतुसं, आणि घोड्याखालचं घर मोकळं. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईत एका प्रसिद्ध हिंदी अभिनेत्याचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर घरातच हातातून पडलं आणि गोळी पायात शिरली, ती बातमी तू वाचली असशील. आपल्या साताऱ्याहून त्या दिवशी मला किती फोन आले! ‘पडल्यावर सुटतं का हो?’ सुटतं. म्हणूनच भरलेलं ठेवताना घाई करू नये.

आता लहान पिस्तुलाच्या भरवशाचं. आमच्या वेळी फौजेत इशापूरचं नऊ एमएम वन-ए होतं, जुन्या ब्राउनिंगचं भावंड. जवळजवळ किलोभर लोखंड. झटका हातात यायच्या आधी लोखंडातच जिरायचा. तुझं पिस्तूल त्याच नऊ एमएम काडतुसाचं, पण वजनानं निम्मं. छोट्या पातेल्यात तेवढंच दूध तापवायला ठेवलं तर डोळा काढून चालत नाही, तसं हे. स्लाइड लहान आणि हलकी, म्हणून मागे झटकन जाते. तिला रोखायला स्प्रिंग कडक. ती तेवढ्याच वेगानं पुढे येते, आणि तेवढ्या अवधीत मॅगझिनच्या स्प्रिंगनं पुढची गोळी वर आणून द्यायची असते. मोठ्या पिस्तुलात याला सवड असते, लहानात नसते. म्हणून एक जरी गोष्ट ढिली पडली, मॅगझिनची स्प्रिंग, तेल, काडतूस किंवा तुझं मनगट, तरी पिस्तूल अडकतं.

मनगटाचं आधी सांगतो, कारण लहान पिस्तूल अडकण्यामागे पुष्कळदा तेच असतं. स्लाइड मागे जाते ती खालची चौकट स्थिर असते म्हणून. मनगट सैल सोडलंस तर सगळं पिस्तूलच मागे वळतं, स्लाइडला पूर्ण अंतर मिळत नाही आणि रिकामं टरफल दारात अडकून उभं राहतं. लोक म्हणतात, पिस्तूल वाईट. आधी अनुभवी माणसाच्या हातात देऊन बघ. त्याच्या हातात चाललं आणि तुझ्या हातात अडकलं तर पकड सुधार. बोट-अंगठ्याचं बेचकं जाईल तेवढं वर ने आणि घट्ट धर. पण स्लाइडच्या वाटेत अंगठा नको.

मग काडतूस. रेंजवर स्वस्त, गोल टोकाची गोळी वापरतेस, पण घरात ठेवतेस ती पोकळ तोंडाची. तिचं टोक बोथट असतं, आणि लहान पिस्तुलात चेंबरकडे जाणारा उतार आखूड आणि उभा. गोल गोळी घसरत जाते, बोथट गोळी ठेचकाळते. म्हणून जी गोळी संकटात वापरायची तीच रेंजवर चालवून बघ. साधी दोनशे आणि ठेवायची ती किमान पन्नास, तुझ्याकडच्या प्रत्येक मॅगझिनमधून, एकही अडकता न देता. पैसे लागतात, मान्य. पण ते पिस्तुलाच्याच किमतीत धर. मॅगझिनांना रंगानं खूण कर, एक, दोन, तीन. अडकलं की कोणत्या मॅगझिनमध्ये ते लिही. पुष्कळदा दोष पिस्तुलाचा नसतोच, एका मॅगझिनच्या ओठांचा असतो.

स्लाइडची स्प्रिंगही लहान पिस्तुलात लवकर थकते. किती गोळ्यांनंतर बदलायची ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं. स्प्रिंगला फार पैसे पडत नाहीत, तारखेवर बदल. खिशात किंवा पर्समध्ये ठेवतेस तर आठवड्यातून एकदा उघडून बघ. कापसाचा भुगा, बिस्किटाचा चुरा, केसांची पिन, सगळं मी पिस्तुलांतून काढलेलं आहे. तेल रेषेपुरतं घाल. सांडेल एवढं तेल घातलं की भुगा चिकटतो आणि थंडीत त्याचा गाळ होतो.

आणखी एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. रोज रात्री चेंबरमधली गोळी काढून सकाळी तीच पुन्हा भरणारी माणसं आहेत. दर वेळी गोळीचं नाक उतारावर आदळतं आणि शिसं टरफलात थोडं थोडं आत सरकतं. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, लहान पिस्तूल फुटूही शकतं. काढलेली गोळी नव्या गोळीशेजारी उभी करून बघ. जरा जरी बुटकी दिसली तर ती वेगळी काढ आणि रेंजवाल्यांकडे दे.

गोळी झाडताना आवाज नेहमीसारखा आला नाही, फुसका आला, तर थांब. पुढची झाडू नकोस. शिसं नळीतच अडकलेलं असू शकतं, आणि मागून दुसरी गोळी गेली तर नळी फाटते. चाप ओढून काहीच झालं नाही तर तोंड समोर निशाणाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांब, मग खाली कर. आणि एका चापात दोन गोळ्या गेल्या तर त्या दिवशी ते पिस्तूल संपलं. पेटीत बंद, आणि कंपनीला फोन.

पर्समध्ये ठेवायचंच असेल तर वेगळा कप्पा, आणि आत चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर. मऊ कातड्याचं जुनं होल्स्टर घडी पडून चापावर दाबतं. जाकिटाची दोरी चापाच्या कडीत अडकते. होल्स्टरमध्ये घालताना बघत घाल, सावकाश, आणि जरा जरी अडलं तर दाबू नकोस, बाहेर काढून काय आहे ते बघ.

आणि पिस्तूल हातातून सुटलं तर सुटू दे. झेलायला जाऊ नकोस. माणूस झेलतो तेव्हा बोटं कुठंही जातात, आणि चापापाशीच जास्त जातात. चांगल्या स्थितीतल्या आजच्या पिस्तुलासाठी जमिनीपेक्षा घाबरलेला हात जास्त धोक्याचा. पडू दे, थांब, मग उचल, आणि कंपनीच्या माणसाकडून किंवा जाणत्या कारागिराकडून तपासून घेईपर्यंत भरू नकोस.

घरात लेकरू आहे. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं हत्यार ठेवणं हा गुन्हा आहे, पण तुला कायद्याच्या धाकानं सांगायला नको. पिस्तूल कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या तुमच्या दोघांकडेच. तिजोरी ठशाची असेल तर तिचीही रिकॉलची यादी बघ. मग घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी बोट लावून बघ, तिजोरी उघडता कामा नये.

तुझ्या ओळखीतली एच-वन-बी वरची पोरं तुझं बघून आपणही घ्यावं म्हणतील. त्यांना आधी वकिलाकडे पाठव. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना इथला केंद्रीय कायदा हत्यार बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांचं वेगळं. मैत्रीत तुझं पिस्तूल ‘धरून बघ’ म्हणून त्यांच्या घरी ठेवायला देऊ नकोस.

आणि गणपतीला साताऱ्याला जाशील तेव्हा रेंजवर नेतेस ती सॅक सामानात घेऊ नकोस, रिकामी असली तरी. अस्तराच्या शिवणीत एखादं काडतूस राहिलेलं असतं. आपल्या विमानतळावर ते यंत्रात दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा होतो, आणि भारतात नऊ एमएम तर सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही, मग तू कितीही समजावलंस तरी ऐकायला कोण बसलंय? मुलाचे कपडे, खाऊ, पुस्तकं सगळं नव्या बॅगेत भर. जाकिटाचे खिसेही उलटे करून बघ.